सेवकाची रजा

प्रभूच्या सेवकाला रजा कसली, त्याची विश्रांती स्वर्गात, असे या भागातील एका मेळाव्यात एका उपदेशकांनी निक्षून सांगितले आणि पुराव्यादाखल पंडिता रमाबाईंचे नाव घेतले, तेव्हापासून या विधानाचा समाचार घ्यावा असे माझ्या मनात आहे. कोयनानगरास हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. माझ्या परिचयाचे एक पाळक भर पावसाळ्यात रविवारची उपासना आटोपून भिजल्या छत्रीनिशी एस.टी.ने पाटणला घरगुती प्रार्थनेस जातात, रात्री परततात, आणि दारात कोणी आजाऱ्याचा निरोप घेऊन उभा असला तर ओला कोट न उतरवताच पुन्हा बाहेर पडतात. अलीकडे प्रार्थना चालू असता ते मध्येच थांबतात. मंडळी त्याला आत्म्याचा भर समजते. मला तो थकवा दिसतो.

रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनात अनाथ स्त्रियांचा संसार सांभाळून समग्र पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवीपर्यंत त्या राबल्या, हे खरे. परंतु त्याच कार्यात वाढलेली आणि त्याचा भार वाहणारी त्यांची कन्या मनोरमा आदल्याच वर्षी, चाळिशीत, निवर्तली, हे त्या वक्त्यांनी सांगितले नाही. कार्यानेच तिला नेले असा माझा दावा नाही. पण जो दाखला द्यायचा तो पुरता द्यावा.

परदेशी मिशनऱ्यांचा दाखलाही असाच अर्धवट दिला जातो. गॉर्डन हॉल 1826 साली दौऱ्यावर असताना पटकीने गेले. अशा मृत्यूंतून मिशने शहाणी झाली. उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि ठरावीक मुदतीने स्वदेशी जाण्याची रजा, हा त्यांच्या व्यवस्थेचा भागच झाला. देशी पाळक आणि बायबल-बाया मात्र खालच्या उन्हात राहिल्या. विश्रांतीची सनद कोणाला मिळावी हे भक्तीने नव्हे, दफ्तराने मुकरर केले होते, आणि आज जो अखंड श्रमाचा आदर्श आपण पुढे करतो तो त्या वंचनेलाच पावित्र्य देतो.

या संदर्भात मला नारायण वामन टिळक राहून राहून आठवतात. 1917 साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा तनखा सोडला, संन्यास पत्करला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांनी रजा मागितली नाही. ज्याच्याकडे रजेचा अर्ज करावा लागतो तो धनीच नाकारला. सेवकाला शिणवते ते पुष्कळदा कामाचे ओझे नव्हे, तर प्रत्येक तासाचा जाब दुसऱ्यास द्यावा लागणे, हे टिळकांनी ओळखले होते असे मला वाटते. पगारी सेवेच्या चौकटीबाहेर, वारकऱ्यांच्या या भूमीला ओळखीचे असे ख्रिस्ती वैराग्य त्यांना हवे होते. तरीही येथेच माझे मन अडखळते. दरबार मांडल्यावर दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, 9 मे 1919 रोजी, ते गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले आणि ते पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास हेही कळते की टिळकांच्या त्यागाची किंमत घरात कोण मोजत होते. वैराग्याने धनी सुटतो, पण विश्रांती मिळतेच असे नाही.

मग सेवकाने विसावा का घ्यावा? पोफळीच्या विद्युतगृहातील संच देखभालीसाठी आळीपाळीने बंद ठेवतात, तसे माणसानेही थांबावे, असे येथील अभियंते सांगतील. हा दाखला सोयीचा आहे, पण अपुरा. कारण अधिक काम व्हावे म्हणून घेतलेली विश्रांती ही कामाचीच चाकरी होय. पवित्र शास्त्रातील अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथ दास, दासी, परका, इतकेच काय बैल आणि गाढव यांनाही दिला आहे, आणि कारण सांगितले आहे ते मिसरातील दास्याचे. विटांची रोजची गणती ज्यांच्या पाठीवर होती, त्यांना त्या गणतीबाहेरचा एक दिवस देवाने दिला. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयालाही दूताने उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, निजू दिले. मिरजेजवळच्या वानलेसवाडीस क्षयरोग्यांची सेवा ख्रिस्ती वैद्यांनीच केली, आणि प्रभावी औषधे निघण्यापूर्वी त्या रोगावर अंथरुणातील सक्तीची विश्रांती हाच मुख्य उपचार होता. रोग्याला जे सेवाभावाने दिले, ते सेवकाला नाकारण्यास आधार कोणता?

म्हणून पाळकांना दर सोमवारी रजा असावी. आपत्ती वार पाहून येत नाही, असा आक्षेप निघेल. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेची भूमी हादरली तो दिवस सोमवारच होता. म्हणूनच भार एकट्याने न वाहता इतरांत वाटावा, असे इथ्रोने मोशेला जे सांगितले ते मंडळीच्या पंचमंडळाने आपल्या ठरावात लिहावे: सोमवारी आजाऱ्याकडे आणि अंत्यविधीस वडील मंडळींपैकी दोघांनी जावे, त्यांची नावे महिन्याच्या आरंभी मंदिराच्या दारावर लावावीत, आणि निरोप घेऊन येणाऱ्याने पाळकांचे दार न ठोठावता त्यांच्याकडे जावे. पाळकीणबाईंच्या स्त्रीसभेलाही त्या दिवशी सुट्टी असावी, कारण आजवर त्यांच्या रजेचा विषय कोणत्याही सभेपुढे आलेला मी ऐकला नाही.