दुसरी प्रत

मेसेज पुसणं हे एकेकाळी नित्याचं काम होतं. साध्या फोनच्या सिमकार्डात मोजकेच मेसेज मावत. पेटी भरली की पडद्यावर पाकिटाचं चित्र लुकलुकायला लागे, आणि जुनं काही काढल्याखेरीज नवं आत येत नसे. मग निवड करावी लागे: बँकेचा जाऊ दे, रिचार्जचा जाऊ दे, हा मात्र राहू दे. जागेची टंचाई लिहितानाही होती. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या ब्रिटिश अभियंत्याने नाताळच्या शुभेच्छांचा पहिला मेसेज धाडला, त्या व्यवस्थेत एका मेसेजच्या वाट्याला १४० बाइट येतात. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरं बसतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजून ७०. मराठी माणूस वर्षानुवर्षं रोमन लिपीत मराठी टंकत राहिला त्याची कारणं अनेक असतील, पण स्वतःच्या लिपीत लिहिलेला निरोप दुप्पट महाग पडायचा हेही त्यातलं एक.

स्मार्टफोनने ही टंचाई संपवली. दहा-दहा वर्षांचं बोलणं आता कोणाच्या वाटेत न येता पडून राहतं. जागेसाठी म्हणून कोणी दोन ओळींचा मेसेज पुसत नाही, त्यामुळे पुसण्याला हेतू चिकटला. रागाने पुसलेलं, भीतीने पुसलेलं, कोणी बघू नये म्हणून पुसलेलं. अंगठा चुकून पुसलेलं त्यात थोडंच. आणि हेतू काही कायम टिकत नाही. राग ओसरतो, भीतीचं कारण उरत नाही, आणि मेसेज परत हवासा होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यावर ‘डेटा रिकव्हरी’ची पाटी असते, तिचं गिऱ्हाईक बहुतेक या वळणावरचं.

पुसलेलं परत येतं का? बराच काळ याचं उत्तर ‘बहुधा येतं’ असं होतं. फोनमधले मेसेज एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये राहतात. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली तयार केला. आज आयफोन असो की अँड्रॉइड, आत तोच. मेसेज पुसला की एसक्यूलाइट सहसा मजकूर खरवडत बसत नाही, ती जागा मोकळी झाल्याची नोंद करतो आणि पुढच्या कामाला लागतो. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं म्हणून शेतातली धसकटं उपटली जात नाहीत. दुसऱ्या कोणी नांगर घालेपर्यंत तिथे काय पेरलं होतं ते जाणत्याला कळतं, तसंच हे. एक मेख मात्र आहे. मोकळ्या झालेल्या तुकड्याच्या पहिल्या चार बाइटांवर एसक्यूलाइट स्वतःची खूण लिहितो: पुढचा मोकळा तुकडा कुठे आहे आणि हा केवढा आहे. नोंदीची लांबी आणि तिचा अनुक्रमांक नेमके तिथेच असतात. म्हणजे मजकूर मागे राहतो, पण त्याचा क्रम जातो. आयफोनमध्ये तर समोरच्याचा नंबरही मेसेजच्या ओळीत नसतो. दुसऱ्या तक्त्याकडे बोट दाखवणारा एक आकडा तेवढा असतो. तक्त्यातली ती ओळही गेली असेल तर तज्ज्ञाच्या हाती एक वाक्य लागतं, “ठीक आहे, तसंच करू.” तसंच म्हणजे कसं, कोणी म्हटलं, कशाच्या उत्तरादाखल, काही नाही.

त्याच्या खालच्या थरात फ्लॅश मेमरी. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात ती शोधली. या चिपमध्ये जुन्यावर नवं लिहिता येत नाही. नवं दुसरीकडे लिहिलं जातं आणि जुनं पान बाद ठरवून तसंच सोडलं जातं. बाद पानं पुरेशी साठली की फोन एक अख्खा भागच एकदम धुऊन काढतो. ही धुलाई त्याला सवड मिळेल तेव्हा चालते, आपण फोनला हातही न लावता. ‘मेसेज गेल्याचं कळताच फोन वापरणं थांबवा, फ्लाइट मोडवर टाका’ हा सल्ला बरोबरच आहे, पण तो पाळूनही मेसेज वाचेल याची हमी कोणी देऊ नये.

गेल्या दशकात मात्र ते ‘बहुधा’ फार आक्रसलं. फोनमधली माहिती आता कूटबद्ध करून ठेवलेली असते. २०१४च्या आयओएस ८पासून आयफोनमधला बहुतेक मजकूर पासकोडशी बांधला गेला. अँड्रॉइडमध्ये २०१६च्या सातव्या आवृत्तीपासून प्रत्येक फाइल वेगळ्या किल्लीने बंद करण्याची सोय आली. पूर्ण फोन पुसण्याची आज्ञा दिली की फोन माहिती खोडत नाही, किल्ली नष्ट करतो. त्या क्षणी प्रत्येक अक्षर जागच्या जागी असतं आणि एकही वाचता येत नाही. पूर्वीच्या कोणत्याही खोडाखोडीची ही जात नव्हती. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली एक चर्मपत्रावरची नक्कल १२२९च्या सुमारास एका लेखनिकाने खरवडली, पानं काटकोनात फिरवून त्यांवर प्रार्थना लिहिल्या. डॅनिश पंडित हायबर्ग यांनी १९०६ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रार्थनांच्या मागचा गणिती ओळखला, आणि शंभर वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी जुन्या शाईतलं लोह हुडकून काढून उरलेल्या ओळी वाचल्या गेल्या. खरवडणारा माणूस चर्मपत्रातलं लोह काढू शकत नव्हता. किल्ली नष्ट करणाऱ्या फोनला ते काढायची गरजच नाही. असं पुसणं माणसाच्या हाती प्रथमच आलं आहे, आणि ते आपण सेटिंग्जच्या शेवटच्या पानावर, एका बटणामागे ठेवून दिलं आहे.

मग ‘सगळे डिलीटेड मेसेज परत मिळवा’ म्हणणारी ॲप्स काय करतात? आजच्या अँड्रॉइडमध्ये साध्या ॲपला चिपच्या तळाशी हात घालताच येत नाही. त्यांतली बरीच ॲप्स मेसेज आल्याची सूचना पडद्यावर झळकते तेव्हाच तिची नक्कल करून ठेवतात, आणि मूळ मेसेज पुसला गेला की ती नक्कल काढून दाखवतात. ॲप आधी टाकलेलं असेल तरच हे जमतं. व्हॉट्सॲपचंही तेच. अँड्रॉइडवर ते रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येच एक प्रत काढतं. दोननंतर आलेला आणि पुढच्या दोनच्या आत गेलेला मेसेज त्या प्रतीत कधी शिरतच नाही. आयफोनने २०२२पासून पुसलेले मेसेज तीस-चाळीस दिवस बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली, तीही मुद्दाम राखलेली प्रतच. खणून काढण्याच्या कथा मोठ्या असतात, पण परत आलेलं बहुतेक सगळं प्रत होती म्हणून परत येतं.

आता मेसेज ही गोष्टच मुळात दोन प्रतींची असते. एक पाठवणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. कागदी पत्राचं असं नव्हतं. पत्र पेटीत पडलं की आपलं वाक्य आपल्याकडून कायमचं गेलं. घरात उरायची ती दुसऱ्यांची पत्रं. दाराआडच्या खुंटीला वाकवलेली तार टांगलेली असे आणि तीत आलेली पत्रं ओवली जात, सर्वांत जुनं तळाशी. एका जातीचं पत्र मात्र तारेत जात नसे. कोणी गेल्याची बातमी आणणारं, कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं की ते उंबऱ्याशीच वाचून फाडायचं, घरात ठेवायचं नाही. आपण स्वतः काय लिहिलं होतं हे मात्र कोणालाच दिसत नसे. दरबारी कारभारात मसुदे आणि नकला ठेवीत, सामान्य माणूस ठेवीत नसे. म्हणून वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली पानिपतच्या काळातल्या पत्रांचा पहिला खंड छापला तेव्हापासून मराठी इतिहासाचे अभ्यासक सवयीने विचारत आले, पत्र कोणाच्या दप्तरात सापडलं? लिहिणाऱ्याचं बोलणं घेणाऱ्याच्या वंशजांकडे. आपले शब्द गमावल्याचं दुःख त्या काळी कोणाला झालं असेल असं वाटत नाही, कारण ते स्वतःकडे राहतील अशी अपेक्षाच नव्हती. ही अपेक्षा फोनने लावली.

तुकोबांच्या बुडवलेल्या वह्यांची गोष्ट इथे टाळता येत नाही. तेराव्या दिवशी त्या इंद्रायणीतून कोरड्या वर आल्या ही श्रद्धा आहे, तिच्याशी वाद घालायचं कारण नाही. पण गावोगावच्या टाळकऱ्यांना अभंग पाठ होते, आणि संताजी जगनाडे ते वह्यांमध्ये उतरून घेत होते. त्या वह्यांवरून पुढे वि. ल. भाव्यांनी गाथा छापला. बुडवायला लावणाऱ्यांचा हिशेब असा चुकला, की त्यांनी लिहिणाऱ्याकडचीच प्रत एकमेव धरली.

म्हणून पुसलेला मेसेज मिळवण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय ‘समोरच्याला विचारा’ हा आहे. “अगं, आपलं मागच्या वर्षीचं बोलणं तुझ्याकडे आहे का? माझ्याकडचं गेलं.” फोन खोलायला नको, चिप काढायला नको. आणि गाळ्यावर गेलेल्या माणसाला नेमकं हेच करता येत नाही. कोणाचं त्या समोरच्याशी बोलणं तुटलेलं असतं. कोणाला समोरच्याच्या नकळत पुरावा हवा असतो. कोणाला तर मेसेज आपल्याला आलेलाच नसतो, तो नवऱ्याच्या किंवा मुलीच्या फोनमधला हवा असतो. अशा गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मला तज्ज्ञाहून शहाणा वाटतो. तंत्राकडे धाव घ्यावी लागते ती मेसेज कुठे आहे हे ठाऊक नसतं म्हणून क्वचितच. बहुधा तो कोणाकडे आहे हे पक्कं ठाऊक असतं.

आणि त्या दुसऱ्याच्या कपाटात हात घालायची सोयही आता झाली आहे. व्हॉट्सॲपने २०१७च्या नोव्हेंबरात पाठवलेला मेसेज सर्वांकडून पुसण्याची मुभा दिली. सुरुवातीला सात मिनिटं, २०२२पासून दोन दिवसांहून थोडी अधिक. पत्र पोचल्यावर पोस्टमनला परत पाठवून ते घेणाऱ्याच्या तारेतून काढून आणवण्याचा अधिकार आधीच्या कोणत्याही पिढीला नव्हता. व्हॉट्सॲप त्या जागी मेसेज काढून टाकल्याची एक ओळ ठेवतं, आणि ती ओळ मूळ मेसेजपेक्षा जास्त वाचली जाते. त्यात शिवी होती, कबुली होती, की चुकीच्या गटात गेलेला किराणा, हे विचारावंच लागतं. उत्तर आलं तरी ते खरं मानायचं की नाही हा प्रश्न राहतोच.

न्यायालय या भिडेत पडत नाही, ते प्रमाणपत्र मागतं. जालना विधानसभा मतदारसंघातल्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं, की मूळ यंत्र हजर करता येत नसेल तर त्यातून काढलेल्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र हवंच. तिथे प्रश्न व्हिडिओ चित्रणाचा होता, पण नियम मेसेजलाही तोच, आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या ६३व्या कलमात तो कायम आहे. पडद्याचा फोटो काढून वकिलाकडे धावणाऱ्याला हे ऐकून फार वाईट वाटतं. पण ज्या राज्यात ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे, तिथे प्रत आणि मूळ यांतल्या फटीबद्दल न्यायाधीशाने कडक असावं याचं नवल वाटू नये. मोबाइल कंपनीकडे जाऊनही मजकूर मिळत नाही. तिच्या नोंदींत कोणी, कोणाला, केव्हा इतकंच असतं.

राहता राहिला तो एक वर्ग, ज्याला विचारायला समोर माणूसच नाही. वडील गेले, त्यांचे मेसेज नव्या फोनमध्ये आले नाहीत. असे लोक जे परत मागतात ते बहुधा किरकोळ असतं: गाडी सुटली, पोचलो, गोळ्या घेतल्या. इथे भांडण नाही, पुरावा नाही, नकळत बघणं नाही. तरी दुसरी प्रत हाताशी असून नसल्यासारखी. बंद केलेला नंबर भारतात नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला जाऊ शकतो, आणि मग वडिलांच्या नावाखाली कुणा तरुणाचा मोटारसायकलवरचा फोटो दिसायला लागतो. त्यांचा स्वतःचा फोन मात्र घरातच असतो. चार्ज केलेला, कुलूपबंद, आणि कोणालाच न सांगितलेल्या सहा आकड्यांमागे. मेसेज त्यात आहेत हे नक्की, आणि वर सांगितलेल्या कारणाने ते बाहेर येणार नाहीत हेही जवळपास नक्की.

ॲपलने २०२१च्या अखेरीस यावर एक वाट काढली. हयात असताना एखाद्याचं नाव वारस म्हणून नोंदवायचं. आपल्या पश्चात त्याला मृत्यूचा दाखला देऊन आयक्लाउडमधले मेसेज आणि फोटो पाहता येतात, पासवर्डांचा साठा तेवढा मिळत नाही. मुदत ठेवीला, पीएफला, सोसायटीच्या भागपत्राला वारस लावायची आपल्याला चांगली सवय आहे. इथे अडतं ते वेगळ्या कारणाने. ठेवीचा वारस ठेव घेतो. हा वारस आपण त्याच्याबद्दल इतरांना काय लिहिलं होतं तेही वाचणार. मी तो रकाना अजून भरलेला नाही. नाव ठरत नाही असं नव्हे. त्याआधी कोणकोणते मेसेज पुसावे लागतील त्यावर घोडं अडलं आहे.