वाढत्या अंगाची स्टिक

आर्णीत अरुणावतीच्या काठावर एक म्हातारा सुतार राहत होता. यवतमाळ जिल्हा सागवानाचा. पण कुऱ्हाडीला सागाचा दांडा मागणाऱ्याला तो हसून परत पाठवी. "साग घराले. कुऱ्हाडीले धावडाच पायजे." आणि कुऱ्हाड चालवणारा समोर उभा राहिल्याशिवाय तो दांड्याला वाकस लावत नसे.

त्याची नात सातवीत, उंची जेमतेम साडेचार फूट. शाळेत हॉकी सुरू झाली आणि पोर मैदानावरून हलेना. हे कळल्यावर नागपूरच्या काकानं स्टिक पाठवली: काळी, चकचकीत, पूर्ण कार्बनची, सदतीस इंची. किंमत म्हणाल तर दोन क्विंटल सोयाबीनची. सोबत निरोप, "वाढत्या अंगाची घेतली आहे, दहावीपर्यंत पुरेल."

आपल्याकडे गणवेश, चपला, सायकल, सगळं वाढत्या अंगाचंच घेतात. गणवेशाची बाही दुमडता येते. स्टिकचं काय दुमडणार?

चेंडू अडवायला पोर वाकली की दांड्याचं टोक पोटात रुते. कार्बन कडक, इतरांच्या लाकडी स्टिकवर चेंडू जरा निवायचा, हिच्या स्टिकवर आपटून हातभर उडायचा. महिन्याभरात तिनं ठरवून टाकलं, स्टिक चांगलीच आहे, आपल्यालाच खेळता येत नाही.

सरांनी धीर द्यायला धनराज पिल्लेची गोष्ट सांगितली. खडकीतला पोरगा, मोडक्या स्टिका दोरीनं बांधून खेळला आणि पुढे 1992 ते 2004 अशी चार ऑलिंपिक गाजवली. "तुझ्याकडे तर एवढी भारी स्टिक आहे!" सरांचा हेतू चांगला होता, पण पोर आणखीच खचली.

घरी येऊन तिनं आजोबांपुढे स्टिक ठेवली. "आबाजी, वरून तीन इंच कापून द्या."

म्हाताऱ्यानं स्टिक बोटावर आडवी तोलून पाहिली. "कापीन, पन मंग तोल खाली जाईन. डोकं जड होईन." मग विचारलं, "डावखुऱ्याची येगळी असते काय?"

"नाही. सपाट बाजू सगळ्यांची डावीकडेच. नियमच आहे."

"म्हंजे पायाचं फक्त लांबी, वजन अन् कडकपना."

तिनं धनराजची गोष्ट सांगितली तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. "दोरी कोनं गुंडाळली? त्यानंच ना? मंग त्याच्या हाताले बसन अशीच गुंडाळली असन."

दुसऱ्या दिवशी म्हातारा मैदानावर जाऊन निंबाखाली बसला. नातीकडे त्यानं फारसं पाहिलंच नाही. दहावीतली एक मुलगी साडेपाच फुटांची, हातात शाळेची जुनी तुतीची स्टिक, चौतीस इंची. निंदायला बसल्यासारखी कमरेत मोडून ती खेळत होती आणि दर थोड्या वेळानं पाठीवर हात ठेवत होती.

म्हाताऱ्यानं दोघींना बोलावलं. दोघींच्या पुढ्यात त्यांची त्यांची स्टिक उभी धरली. नातीची बेंबीच्या वर चार बोटं गेली, उंच मुलीची कमरेच्या हाडापर्यंतही पोचली नाही.

"आता अदलाबदल करा. डाव्या हातानं समोर आडवी धरा अन् दहा मोजा."

काळी स्टिक अशी धरली की नातीचा हात चारलाच खाली यायचा. आज दहा झाले तरी हलला नाही. उंच मुलीनं काळी स्टिक धरली, मोजायचं विसरून ती सरळ उभी राहिली आणि हसली.

लगेच गोलांचा पाऊस पडला असं नाही. नातीचे चेंडू अजून सुटत होते. पोटात टोचणं मात्र त्याच दिवशी थांबलं.

गावातल्या कंबलपोष बाबांच्या यात्रेला काका आला. मैदानावर गेला तर आपली स्टिक परक्या पोरीच्या हातात! संध्याकाळी अंगणात फणफणत आला. "एवढी महागाची वस्तू, दुसऱ्याले देऊन टाकली?"

"टाकली नाही, बदलली," नात म्हणाली. "काका, उद्या आमचा खेळ पाहायला या."

म्हातारा काहीच बोलला नाही. काका थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिला, मग विषय बदलावा म्हणून म्हणाला, "बरं बाबा, वावरातल्या गड्यासाठी एक कुऱ्हाडीचा दांडा करून द्या. सकाळी जाताना नेतो."

म्हाताऱ्यानं वाकस खाली ठेवला.

"गडी कुठं हाय?"