उजव्या हाताचा उंदीर

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवलं होतं की, ग्राहक हा बाजारातला राजा असतो. तो आपली गरज जाणतो, किमती ताडून पाहतो आणि जास्तीत जास्त समाधान देणारी वस्तू उचलतो. पुढे मी बँकेत चिकटलो आणि हा राजा मला पुन्हा कुठं भेटलाच नाही. शाखा निवडली बदली खात्यानं, खुर्ची निवडली खरेदी खात्यानं, जेवणाची वेळ गिऱ्हाइकांनी. राहता राहिला टेबलावरचा माऊस. तेवढ्या बाबतीत मात्र आमच्याकडे प्रत्येकजण राजा व्हायला बघतो.

कर्जविभागातले एक गृहस्थ घरून स्वतःचा माऊस आणतात. बिनतारी, अंगठ्याला दोन जादा बटणं. दोन वर्षांत ती बटणं त्यांनी दाबलेली मी पाहिली नाहीत, पण संध्याकाळी माऊस रुमालात गुंडाळून नेतात. निवृत्तीला टेकलेल्या दुसऱ्यांना तारेचाच लागतो. बिनतारीचा सेल ऐन मार्चअखेरीस दगा देतो म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. तिसऱ्याला टिकटिक मोठ्यानं वाजणारा हवा असतो, कारण साहेबांच्या केबिनपर्यंत काम ऐकू गेलं पाहिजे!

आता मला पडलेला प्रश्न असा, की ही कारणं आधीची की मागाहूनची? आपण समजतो, कारण आधी, निवड नंतर. मला तर हा प्रकार बेरीज आधी लिहून मग नोंदी जुळवण्यासारखा वाटतो.

पहिला माऊस 1964 च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत झाला. कल्पना डग्लस एंगलबर्ट यांची, घडवला बिल इंग्लिश यांनी. अंग लाकडाचं, खाली दोन चाकं, वर एकच बटण. त्या मंडळींची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांनी माऊस, प्रकाशलेखणी, जॉयस्टिक, इतकंच काय गुडघ्यानं हलवायची एक दांडीसुद्धा माणसांना वापरायला देऊन पाहिली. (आमच्या शाखेत ही दांडी आली असती तर युनियननं गुडघाभत्ता मागितला असता.) सरावलेल्यांच्या हातात माऊस सरस ठरला, नवख्यांचं प्रकाशलेखणीनं नि गुडघ्यानंच बरं चाललं. म्हणजे तिथंही सवयीचं मत मोजलं गेलंच. पण निदान आधी हाताला विचारलं तरी!

आमच्याकडे हाताला कोण विचारतो? सर्वांत कमी दराची निविदा आली की एकगठ्ठा माल येतो. ज्याच्या सहीनं तो येतो, त्याचं मनगट निराळं असतं. त्यालाही दोष देववत नाही. एकाला वेगळा घेतला तर ऑडिटवाला विचारणार, “यांनाच का?”

आमच्या कॅशियरबाई डावखुऱ्या आहेत. लिहितात डाव्यानं, नोटा मोजतात डाव्यानं, माऊस मात्र उजवीकडे, कारण त्याचा आकारच उजव्या पंजाचा. बटणांची अदलाबदल संगणकात करता येते. पण तशी केली की जेवणाच्या सुटीत त्यांच्या जागी बसणारा बोंब मारतो. मनगटाला पट्टा बांधून त्या वर्षानुवर्षं काम करताहेत. मी विचारलं, तर म्हणाल्या, “राहू द्या हो. लहानपणी डाव्या हातानं जेवले म्हणून मार खाल्लाय. आता सवय झाली.”

इथं माझं सगळं अर्थशास्त्र थांबतं. सवय झाली म्हणजे पसंत पडलं का? उद्या कुणी पाहणी केली, तर बाईंची नोंद ‘उजव्या हाताचा माऊस, तक्रार नाही’ अशीच व्हायची. सगळ्यांना सारखाच माऊस दिला म्हणून त्याला समान वागणूक म्हणायचं, तर मग सगळ्यांना आठ नंबरची चप्पलही द्यायला हरकत नसावी.

शेवटी आम्ही बाईंकडून अर्ज करवला. नमुन्यात ‘कारण’ असा दोन बोटं रुंदीचा रकाना आहे. त्यांनी लिहिलं, ‘डावखुरी’. अर्ज वर गेलाय. तोवर कर्जविभागातल्या गृहस्थांनी रुमाल सोडून आपला माऊस त्यांना देऊ केला. डाव्या हातात धरला की अंगठ्याची ती दोन बटणं बरोबर करंगळीखाली येतात. त्यामुळे काम चालू असताना मधेच पडदा मागच्या पानावर उडी मारतो. गृहस्थ मात्र खूश आहेत. बटणं चालतात, हे त्यांना आत्ताच कळलं.