थांबण्याचा अधिकार

दर मंगळवारी सकाळी आठ वाजता आमच्या कुंभवलीतील एका घराच्या पडवीत दहा बायका सतरंजीवर बसतात. बोईसरहून मोटारसायकलवर एक पोरगेला तरुण येतो, हजेरी घेतो, हप्ते मोजतो आणि पुढच्या पाड्याकडे निघून जातो. त्या दहाजणींत मीही एक आहे. मॅट्रिकपर्यंत शिकलेली मी दिवसा बालवर्ग सांभाळते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. कादंबरीच्या मानधनात घराचे छप्पर होत नाही, म्हणून कर्ज काढले.

गहाण टाकण्याजोगे आमच्यापैकी कोणाकडेच काही नव्हते. एकीला बाकीच्या नऊजणी जामीन राहिल्या, एवढ्यावर पैसे मिळाले. १९७६ साली बांगलादेशातील जोब्रा गावात महंमद युनूस या प्राध्यापकांनी ४२ गरिबांना मिळून २७ डॉलर उसने दिले. तिथून वाढत गेलेल्या ग्रामीण बँकेला आणि त्यांना २००६ साली नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. गरीब माणूस कर्ज बुडवत नाही, हा त्यांचा विश्वास मला आजही खरा वाटतो. माझा प्रश्न निराळा आहे.

आमच्यातली एक बाई सातपाटीहून मासळी आणून बोईसरच्या बाजारात विकते. जून-जुलैत मासेमारी बंद असते. हप्ता मात्र बंद नसतो. त्यातच तिच्या नवऱ्याचे तारापूरच्या कारखान्यातले काम सुटले. एका मंगळवारी ती आलीच नाही. तो तरुण शांतपणे म्हणाला, "बाई, पूर्ण रक्कम जमेपर्यंत मला उठता येणार नाही." आम्ही नऊजणी उठलो आणि तिच्या दारात जाऊन बसलो. कोणी वाईट बोलले नाही. मी तर, "ताई, काहीतरी करा हो," एवढेच म्हणाले. पण मी तिथे बसले होते, आणि तिच्या घरची मुले माझ्या वर्गात येतात.

दुपारपर्यंत तिने पैसे आणले. दुसऱ्या एका गटाचे कर्ज काढून आणले, हे मला मागाहून कळले. त्या क्षणी मात्र मला सुटल्यासारखे वाटले. मला लाज वाटते ती त्या सुटकेची.

आमच्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, डहाणू-तलासरीकडे, एके काळी वारली तरुण लग्नापुरते पैसे सावकाराकडून घेई आणि नवराबायको वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली उठले, तेव्हा ती वेठ मोडली. त्या सावकाराशी आजच्या संस्थेची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. इथे पावती मिळते, व्याज कागदावर असते, कोणी कोणाच्या शेतावर राबत नाही. तिथे देह गहाण पडत होता. आमच्याकडून शेजार घेतला गेला, आणि तो गहाण पडल्याचे आम्हाला कळलेही नाही.

भारत, मेक्सिको, मोरोक्को, मंगोलिया, इथिओपिया आणि बोस्निया या सहा देशांतील पाहण्या २०१५ साली एकत्र प्रसिद्ध झाल्या. अशा कर्जाने धंद्याला थोडा हात लागतो, पण गरिबी हटल्याचे दिसत नाही, असा त्यांचा सूर होता. मला त्याचे नवल वाटले नाही. आठवड्याला हप्ता मागणाऱ्या पैशातून आठवड्याला विकला जाणारा मालच आणता येतो. छप्पर कसले आठवड्याला पिकते!

पूर्वी वाटीभर तांदूळ उसने दिले, तर देणारी म्हणे, "सवडीने द्या." पैसे संस्थेचे आले, तेव्हा वसुलीचे काम आम्हाला मिळाले, पण 'सवडीने द्या' म्हणण्याचा अधिकार काही मिळाला नाही. वसूल करायचे ते आम्ही आणि थांबायचे की नाही हे ठरवणार दुसरेच, हा व्यवहार नीतीचा कसा?

श्रावणापासून आम्ही बिस्किटांच्या एका डब्यात दर मंगळवारी प्रत्येकी वीस रुपये टाकतो. जिला जमणार नाही तिचा हप्ता त्यातून भरायचा, आणि तिने सवडीने परत करायचे. तसे दोघींचे भरून झाले. मासळीवाली ताई आपले वीस रुपये न चुकता टाकते. तिने डब्यातून अजून एकदाही घेतलेले नाही, आणि बाजारातून परतताना ती आमच्या ओट्यावर टेकायची, तशी आता टेकत नाही.