मधला रीस्टार्ट

एका छोट्या कचेरीत तीन कॉम्प्युटर शेजारी शेजारी होते. पहिल्यावर कचेरीचं सगळं काम चालायचं. हिशेब त्यावर, पत्रं त्यावर, लोकांच्या फायली त्यावर. बाकीचे दोन चाचणीचे होते. तिन्हींवर फ्रीबीएसडी नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती. ती १९९३ पासून चालत आलेली, कुणालाही फुकट मिळणारी, आणि जिचा सोर्स कोड कुणीही उघडून वाचावा, बदलावा अशी.

कामाच्या मशीनवर ११.० ही पक्की आवृत्ती होती. तिला उगाच कुणी हात लावत नसे. चाचणीच्या दोन्ही मशीनवर मात्र 'करंट' होती. करंट म्हणजे अजून घडत असलेली आवृत्ती. देशोदेशीचे लोक रोज तिच्यात काही घालतात, काही काढतात. सकाळी धड चाललेलं संध्याकाळी मोडू शकतं. पुढे काय येणार आणि ते आपल्याकडे चालेल का, हे आधी कळावं एवढ्यासाठी ही दोन मशीन ठेवली होती.

तिन्ही मशीन एक काका सांभाळत. या कामात त्यांना वीस वर्षं झाली होती. सोर्सवरून सिस्टिम कशी बांधायची आणि बसवायची, हे त्यांना रामरक्षेसारखं पाठ होतं.

त्या वर्षी एक मुलगी नवीन लागली. हुशार होती, पण हात सावकाश होता. काकांनी दोनपैकी एक चाचणीचं मशीन तिच्या ताब्यात दिलं आणि म्हणाले, "मोडलं तरी चालेल. मोडल्याशिवाय शिकणार कशी?"

मे २०१७ संपत आला होता. उकाडा मी म्हणत होता. एके सकाळी काका आले आणि म्हणाले, "पोरी, महिना झाला, अपग्रेड केलं नाही. पाऊस सुरू झाला की लाइटचा भरवसा नाही. आज दोन्ही मशीन उरकून टाकू."

मग त्यांनी तिच्या वहीत क्रम लिहून दिला. आधी नवा सोर्स उतरवून घ्यायचा. मग बिल्डवर्ल्ड, मग बिल्डकर्नेल. कर्नेल म्हणजे सिस्टिमचा गाभा. गाभ्याभोवतीच्या रोजच्या आज्ञा आणि लायब्ऱ्या, त्या सगळ्यांना मिळून तिथे वर्ल्ड म्हणतात. दोन्ही बांधून झाले की इन्स्टॉलकर्नेल. मग रीस्टार्ट, आणि मशीन सिंगल यूझर मोडमध्ये उठवायचं, म्हणजे दुसरं काही चालू नसतं. मग इन्स्टॉलवर्ल्ड. मग मर्जमास्टर, जुन्या फायलींची सफाई आणि शेवटचा रीस्टार्ट.

लिहिता लिहिता मधल्या रीस्टार्टपाशी काकांचं पेन थांबलं.

"हा पुस्तकात आहे म्हणून लिहिला. मी करत नाही. कर्नेल बसवतो आणि लगेच वर्ल्ड बसवतो. शेवटी एकदाच रीस्टार्ट. वीस वर्षांत कधी अडलं नाही."

मर्जमास्टरपाशी मात्र त्यांनी दोन रेघा मारल्या. "इथे घाई नको. सेटिंगच्या फायली जुन्या आणि नव्या समोरासमोर दाखवतं ते. एकेक बघून ठरवायचं. एकदा मी डोळे मिटून सगळ्याला हो म्हणालो. पासवर्डच्या फायलीवर कोरी फाइल बसली. सकाळी कचेरीतल्या कुणालाच आत जाता येईना. सगळ्यांची नावंच पुसली गेली होती."

मुलीने तेही लिहून घेतलं.

दोघांनी सोर्स उतरवला. काकांनी मागच्या वेळचं बांधकाम तसंच ठेवून त्यावरच नवं बांधायला लावलं. त्याने वेळ वाचतो. मुलीने अजून काहीच लावलं नव्हतं. सोर्सच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये 'अपडेटिंग' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. ती उघडून ती वाचत बसली होती. त्या फाइलमध्ये तारखेवार नोंदी असतात, नवी नोंद वर. काय बदललं आणि अपग्रेड करताना काय सांभाळायचं, एवढंच त्यात असतं.

वरच्याच भागात २३ मेची नोंद होती. तिने ती दोनदा वाचली.

डिस्कवरच्या प्रत्येक फाइलला सिस्टिम एक क्रमांक देते. त्याला आयनोड क्रमांक म्हणतात. तो आजवर ३२ बिटांचा होता, म्हणजे साधारण ४२९ कोटींपर्यंत मोजता येईल एवढा. आता तो ६४ बिटांचा झाला होता. ऐकायला बदल लहान. पण फाइलची माहिती विचारणारा प्रत्येक प्रोग्रॅम कर्नेलशी ज्या रीतीने बोलतो, ती रीतच त्याने बदलली होती. नोंदीत लिहिलं होतं की आधीचं बांधकाम पुसून टाका, खाली दिलेला क्रम नीट पाळा, आणि नवा कर्नेल बसवल्यावर, नवं वर्ल्ड बसवण्याआधी, रीस्टार्ट करावाच लागेल. आणखी एक ओळ होती. कुणी आपला वेगळा कर्नेल बनवत असेल, तर त्यात 'कॉम्पॅट फ्रीबीएसडी ११' हा पर्याय आहे ना, ते पाहा.

ती उठून काकांकडे गेली. "काका, यात मधला रीस्टार्ट करायलाच हवा असं लिहिलंय."

"ते नेहमीच लिहितात गं," काका चहा घेत म्हणाले.

"आणि कर्नेलमध्ये एक पर्याय बघायला सांगितलाय."

काकांचा कर्नेल त्यांनी स्वतः छाटून बनवलेला होता. लागत नाही ते सगळं काढून टाकलेलं. त्याचा त्यांना अभिमान होता. "माझ्या कर्नेलमध्ये काय आहे ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. रागावून नाही, सहज म्हणाले.

मुलगी परत जागेवर आली. तिने जुनं बांधकाम पुसलं. सेटिंगच्या आणि स्वतःच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. चालता कर्नेल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवला. मग बिल्डवर्ल्ड लावलं. सगळं पहिल्यापासून बांधायचं होतं. पडद्यावर ओळी सरकू लागल्या आणि ती वही घेऊन पुढचं वाचू लागली.

दुपारी काकांचं बांधून झालं. त्यांनी कर्नेल बसवला. हात तसाच पुढे गेला आणि वर्ल्ड बसवायला लागला. थोडा वेळ सगळं नेहमीसारखं चाललं. मग पडदा थांबला. एकच ओळ दिसली: बॅड सिस्टिम कॉल.

काकांनी फायलींची यादी मागितली. बॅड सिस्टिम कॉल. दुसरी आज्ञा दिली. तेच. रीस्टार्टची आज्ञा दिली. तेच. वीस वर्षं ओळखीचं असलेलं मशीन एकाही शब्दाला ओ देईना.

शेवटी त्यांनी बटण दाबून मशीन बंद केलं आणि चालू केलं. नवा कर्नेल उठला आणि मधेच थांबला. पुन्हा बंद केलं. सुरुवातीच्या मेनूतून जुना कर्नेल निवडला. फ्रीबीएसडी तो आपणहून बाजूला ठेवते, अशा वेळी तो कामाला येतो. तोही थोडा पुढे गेला आणि थांबला.

काका बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "ती फाइल इकडे आण."

मुलीने वही आणि फाइल दोन्ही समोर ठेवली. काकांनी २३ मेची नोंद वाचली. सावकाश वाचली.

"हं," ते म्हणाले. "नातवाला आजीची बोली कळते. आजीला नातवाची नवी बोली कळत नाही. नवा कर्नेल जुन्या प्रोग्रॅमचं ऐकून घेतो, पण जुन्या कर्नेलला नवे प्रोग्रॅम काय म्हणतात ते कळत नाही. मधला रीस्टार्ट त्यासाठी. आधी नातू घरात यायला हवा, मग नवी मंडळी. मी आजी जागेवर असतानाच नवी मंडळी घरात घुसवली."

"पण नंतर तर नवा कर्नेलच उठला होता," मुलगी म्हणाली.

काका कसनुसे हसले. "माझा नातू छाटलेला. जुनी बोली शिकवणारा धडाच मी त्याच्यातून काढून टाकलाय. घरात निम्मी माणसं जुनी, निम्मी नवी. हा निम्म्यांशी बोलेना, तो निम्म्यांशी बोलेना."

मुलीचं बांधकाम अजून चालूच होतं. कचेरी बंद व्हायची वेळ झाली. दोघं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं बांधून तयार होतं. काका तिच्या मागे खुर्ची ओढून बसले आणि काही बोलले नाहीत. तिने फ्रीबीएसडीबरोबर येतो तसा, न छाटलेला कर्नेल बसवला. मशीन रीस्टार्ट केलं. नवा कर्नेल आणि जुनं वर्ल्ड, दोघं एकमेकांशी बोलत उभे राहिले. ते बघायला काका जरा पुढे वाकले. वीस वर्षांत ही मधली अवस्था त्यांनी क्वचितच पाहिली होती. मग तिने वर्ल्ड बसवलं. मर्जमास्टरमध्ये एकेक फाइल पाहिली. पासवर्डच्या फाइलपाशी ती थांबली आणि मागे वळून काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली. तिने जुनीच ठेवली. सफाई केली, शेवटचा रीस्टार्ट केला. मशीन उठलं.

मग तिने विचारलं, "काका, तुमची डिस्क काढून माझ्या मशीनला लावूया का?"

स्क्रू काढून दोघांनी डिस्क काढली आणि तिच्या मशीनला जोडली. बांधलेला कर्नेल आणि वर्ल्ड इथे न बसवता दुसऱ्या डिस्कवर बसव, असं सांगायची सोय त्या आज्ञांमध्येच असते. काल दिवसभर आणि रात्रभर सावकाश बांधलेलं सगळं काकांच्या डिस्कवर थोड्याच वेळात बसलं. सेटिंगच्या फायली काकांनी स्वतः जुळवल्या. तिथे त्यांनी घाई केली नाही. डिस्क परत त्यांच्या मशीनला लावली आणि बटण दाबलं. काकांच्या स्वतःच्या फायली जशाच्या तशा होत्या.

त्या दिवशी दुपारी काकांनी आपला छाटलेला कर्नेल उघडला आणि काढलेली ती एक ओळ परत लिहिली.

ही गोष्ट मी सांगतो तेव्हा ऐकणारे म्हणतात, म्हातारा हट्टी होता. मला तसं वाटत नाही. पासवर्डची फाइल एकदा गेली होती, तर तिथे तो माणूस फुंकून पाऊल टाकत होता. जिथे चटका बसला, तिथे सावध होता. मधल्या रीस्टार्टने त्याला कधी चटका दिला नव्हता. वीस वर्षं ती पायरी गाळून चाललं, तेव्हा ती पायरी फुकटची आहे असं त्याला वाटलं. खरं तर वीस वर्षं त्या पायरीची गरज पडेल असं काही घडलं नव्हतं, एवढंच. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला पाठ नव्हतं, म्हणून तिने वाचलं.

तो ६४ बिटांचा बदल फ्रीबीएसडी १२.० मधून डिसेंबर २०१८ मध्ये सगळ्यांकडे पोचला. दरम्यान काकांसारखे आणखीही अडले असावेत, कारण वर्ल्ड बसवायच्या आज्ञेत एक तपासणी आली. चालत्या सिस्टिमवर बसवायला जाल, तर ती आधी नव्याने बांधलेल्या प्रोग्रॅमला 'ओके' एवढं म्हणायला सांगते. त्याला म्हणता आलं नाही, तर तिथेच थांबते आणि एकही फाइल बसवत नाही. अपडेटिंग वाचली का, हे मात्र ती विचारत नाही.