थांबावं लागतं



डिसेंबरात आइसलँडमध्ये सूर्य उगवतो अकराच्या सुमारास. दुपारी साडेतीनच्या आसपास मावळतोही. उन्हाळ्यातली गर्दी ओसरलेली असते. वाऱ्याचा जोर वाढला, की रस्ते बंद होतात. ठरवलेला धबधबा राहून जातो. थांबावं लागतं.

लग्नाला बरीच वर्षं झालेलं एखादं जोडपं नेमकं तेव्हा तिथं जातं. रेक्याविक शहरात उघड्यावरचे पोहण्याचे तलाव भर हिवाळ्यातही चालू असतात. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं तापलेलं पाणी. दोघं गळ्यापर्यंत पाण्यात बसतात. केसांवर हिम साचतं, अंग मात्र उबेत. शेजारी गावातली माणसं निवांत गप्पा मारत असतात.

तो विचारतो, "गुडघा कसा आहे गं तुझा?" घरी हा प्रश्न चपला घालता घालता विचारलेला असतो. इथे उत्तरासाठी थांबावं लागतं. ती सांगते. अगदी सविस्तर.

मंडळी, बेत फसला की चिडचिड कुणावर निघते? बहुधा सगळ्यात जवळच्या माणसावर. बंद रस्त्याचा राग जोडीदारावर न काढणं, ही मला फार मोठी माया वाटते. जिभेवर आलेला शब्द गिळायला क्षणभर थांबावं लागतं. तेवढा क्षण पुरतो.

आज तुमच्याही घरी एखादी बस चुकेल, दूध उतू जाईल. तेव्हा आधी एवढंच विचारा, "हात भाजला नाही ना?"