आईची आठवण आणि आठवी आज्ञा



नोव्हेंबर महिना लागला की आपल्या दफनभूमीला जाग येते. कबरींवरचे गवत निघते, क्रूस धुतले-रंगवले जातात आणि २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी मेणबत्त्या व शेवंतीच्या फुलांखाली सगळी माती झाकून जाते. त्या गर्दीत आपण जरा बाजूला उभे राहून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. बापाच्या कबरीपाशी माणसे प्रार्थना करतात, आईच्या कबरीपाशी बोलतात. घरातले काय चालले आहे, धाकटीचे लग्न कुठवर आले, सारे तिला सांगितले जाते.

या महिन्यात एका प्रश्नाचा विचार आपण करावा असे आम्हाला वाटते. दहा आज्ञांपैकी चौथी आज्ञा मातापित्यांचा मान राखायला सांगते. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नका असे बजावते. आई हयात असते तोवर या दोन आज्ञांचे आपसात बरे चालते. ती गेल्यावर मात्र त्यांचा वाद सुरू होतो. तिच्याविषयी चारचौघांत बोलताना मान राखायचा की खरे बोलायचे? आणि दोन्ही एकदम करता येईल का?

महिन्याच्या किंवा वर्षाच्या मिस्साला आपण जी फोटोची कार्डे वाटतो त्यांवरचा मजकूर आठवून पाहा. प्रेमळ, कष्टाळू, देवभीरू, त्यागमूर्ती. नाव आणि फोटो झाकला तर ही कोणाची आई, हे शेजाऱ्यालाही सांगता येणार नाही. यातला एकही शब्द खोटा नसेल, पण त्यात ती बाई कुठे आहे? पहाटेच्या पहिल्या गाडीने फुलांची पाटी घेऊन दादरला जाणारी, गिऱ्हाइकाने भाव पाडला की त्याला दोन शब्द सुनावणारी, बावखलावर धुणे आपटता आपटता जपमाळेची प्रकरणे म्हणणारी, उन्हात घातलेल्या सुकेळ्यांना पोरांनी हात लावला तर काठी घेऊन धावणारी, चार मुलांतला एकच तिचा लाडका होता हे सगळ्या आळीला ठाऊक असलेली, ती? मृत्यूने तिला एकदा नेले. आपली विशेषणे तिला दुसऱ्यांदा नेतात.

आईविषयी कसे बोलावे हे ज्यांच्याकडून शिकावे असे आम्हाला वाटते ते संत ऑगस्टीन. इ.स. ३८७ च्या पास्काच्या रात्री मिलानमध्ये संत अँब्रोज यांच्या हातून त्यांचा स्नानसंस्कार झाला. त्याच वर्षी आपली आई मोनिका, भाऊ, मुलगा आणि मित्र यांच्यासह ते आफ्रिकेतल्या आपल्या गावी परत निघाले. रोमजवळच्या ऑस्टिया बंदरात जहाजाची वाट पाहत असताना मोनिकाला ताप भरला आणि नवव्या दिवशी ती गेली. ती छप्पन्नाव्या वर्षात होती, ऑगस्टीन तेहतिसाव्या वर्षात होते. पुढे दहाएक वर्षांनी लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या नवव्या भागात त्यांनी आईचे चरित्र सांगितले आहे.

त्या चरित्रात काय काय येते ते पाहा. लहानपणी घरच्या पिंपातून द्राक्षारस काढायला पाठवली की ही मुलगी थोडा थोडा चाखू लागली. चाखता चाखता पेले रिकामे करण्यापर्यंत मजल गेली. एके दिवशी भांडणात घरच्या दासीने तिला बेवडी म्हणून हिणवले. तो शब्द जिव्हारी लागला आणि ती सवय सुटली. ही गोष्ट मोनिकानेच मुलाला सांगितली होती आणि मुलाने ती आई गेल्यावर जगाला सांगितली. आपल्यापैकी कोणी कार्डावर असे छापील का? ऑगस्टीन एवढ्यावर थांबत नाहीत. पोराच्या लग्नापेक्षा त्याच्या शिक्षणाच्या आणि नावलौकिकाच्या आशेला आईने जास्त जपले, असे ते आधीच्या भागात लिहून गेले आहेत. तिच्या मायेत स्वतःच्या ओढीचा भागही बराच होता, हेही ते नोंदवतात. आणि तरी तो सगळा ग्रंथ वाचून संपवल्यावर मोनिका आपल्याला लहान वाटत नाही. उलट तिचा हात आपल्या डोक्यावर आहे असे वाटते. खरे बोलल्याने तिचा मान गेला नाही. ती माणूस आहे म्हणून तिचे अश्रू आपल्याला कळतात.

(इथे एक सांगून ठेवतो. मोनिकाचा नवरा पॅट्रिशियस तापट होता, बाहेरख्यालीही होता. नवऱ्याचा मार खाऊन तक्रार करणाऱ्या शेजारणींना मोनिका गप्प राहण्याचा, त्याचा राग उतरेपर्यंत थांबण्याचा सल्ला देत असे. ऑगस्टीन ते कौतुकाने सांगतात. आम्ही आज आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही मुलीला तो सल्ला देणार नाही. संतांच्या आईबद्दलही खरेच बोलायचे तर हेही बोलायला हवे.)

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. आपण आईला देव्हाऱ्यात बसवतो ते तिच्यावरील प्रेमामुळे, हे खरे. पण त्यात आपली थोडी सोयही असते. “आमच्या आईने जन्मात कधी तक्रार केली नाही,” असे आपण अभिमानाने म्हणतो. तिला कधी कोणी विचारले होते का? सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते ती खात होती. त्याला आपण त्याग म्हटले की आपले पान भरलेले होते, हा हिशेब मिटतो. आणि मग हीच त्यागमूर्ती घरातल्या सुनेसमोर मोजपट्टी म्हणून उभी केली जाते. जिला उत्तर देता येत नाही अशा गेलेल्या बाईशी सुनेने रोज स्पर्धा करायची! सासू हयात असती तर तिनेच कदाचित म्हटले असते की बाई, मलाही कंटाळा यायचा.

आपल्यामध्ये अशीही माणसे आहेत ज्यांच्या आईची जीभ फार कडवट होती. जिने एका मुलीला जवळ केले आणि दुसरीला आयुष्यभर दूर ठेवले. मातृदिनाच्या मिस्साला सगळे चर्च भारावून गाते तेव्हा ही माणसे मागच्या बाकावर खाली मान घालून बसतात. आपल्यातच काही वाईट आहे असे त्यांना वाटते. चौथी आज्ञा त्यांच्याकडून खोट्या स्तुतीची मागणी करत नाही, हे आम्ही येथे स्पष्ट लिहितो. तिच्यासाठी प्रार्थना करणे हा मान आहे. तिने केलेले बरे मोजणे हा मान आहे, मग ते थोडे का असेना. जे दुखते ते देवापुढे, आणि गरज असेल तर पापनिवेदनात, मोकळे करणे यात तिचा अपमान नाही.

ऑगस्टीनकडे पुन्हा वळू, कारण खरी गाठ पुढे आहे. आईचे डोळे त्यांनी स्वतःच्या हातांनी मिटले. आदेओदातुस, त्यांचा मुलगा, हंबरडा फोडून रडू लागला तेव्हा सगळ्यांनी त्याला गप्प केले. श्रद्धावंताच्या मरणाला आकांत शोभत नाही, असे त्यांना वाटत होते. मित्राने स्तोत्र सुरू केले. दफनविधी झाला. ऑगस्टीनच्या डोळ्यांतून पाणी आले नाही. मन हलके व्हावे म्हणून ते स्नानाला गेले, त्यानेही काही झाले नाही. झोपून उठल्यावर संत अँब्रोज यांचे एक गीत आठवले आणि मग एकांतात, देवासमोर, बांध फुटला. रडण्याला कोणी पाप म्हणणार असेल तर म्हणो, अशी त्यांची भूमिका आहे. लाझरसच्या कबरीपाशी प्रभू येशू स्वतः रडला, मग पुनरुत्थानावर विश्वास असलेल्याने रडू नये असा नियम आला कुठून? दफनाच्या दिवशी “रडू नका, ती स्वर्गात आहे,” असे मुलांना दटावणाऱ्या थोरांनी या आदेओदातुसची आठवण ठेवावी.

पण रडून झाल्यावर ऑगस्टीन जे करतात ते अधिक महत्त्वाचे. आईच्या चांगुलपणाबद्दल त्यांची खात्री आहे. तरीही ते तिच्या पापांची क्षमा देवाकडे मागतात. स्नानसंस्कारानंतर तिच्या तोंडून एकही चुकीचा शब्द गेला नाही, असे म्हणण्याचे धाडस ते करत नाहीत. आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला ते विनवतात की वेदीपाशी माझ्या आईवडिलांची आठवण ठेवा. मोनिकाचीही शेवटची मागणी तेवढीच होती. देह कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, पण प्रभूच्या वेदीपाशी मला आठवा, असे ती मुलांना म्हणाली होती. आपण आईला परस्पर संत करून टाकतो तेव्हा नेमकी हीच गोष्ट बंद पडते. जी स्वर्गात पोहोचलीच आहे तिच्यासाठी मिस्सा कशाला? मग पहिल्या वर्षाची मिस्सा थाटात होते, दुसऱ्या वर्षी आठवणीत राहते आणि तिसऱ्या वर्षी फोटोवरचा हार तेवढा बदलतो.

डेन्मार्कचा तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्द याने १८४७ च्या ‘प्रेमाची कृत्ये’ या पुस्तकात मृतांना आठवण्याविषयी एक कठोर विचार मांडला आहे. मेलेला माणूस आपल्याला परतफेड करू शकत नाही आणि आपल्यावर जबरदस्तीही करू शकत नाही. म्हणून त्याच्यावर केलेले प्रेम सर्वांत निःस्वार्थी आणि सर्वांत मोकळे असते. आम्ही यात एक भर घालू. मेलेला माणूस आपल्याला खोडूनही काढू शकत नाही. आठव्या आज्ञेची खरी कसोटी इथे लागते. “आईची इच्छा अशी होती,” हे वाक्य आपल्या वसईत किती घरांत, किती प्रसंगी उच्चारले जाते! सातबाऱ्यावरचे नाव, वाडीचा तुकडा, बहिणीने सही करायचे हक्कसोडपत्र, घरात कोणी राहायचे आणि कोणी निघायचे. आईला जे कधी सुचलेही नसेल ते तिच्या तोंडी घालून दोन भाऊ समोरासमोर उभे राहतात आणि साक्षीदार दफनभूमीत असतो. कार्डावरची विशेषणे फुगवली तर देव हसून सोडून देईल. पण मृत आईच्या नावाने भावंडाचा वाटा हिरावणे ही खोटी साक्ष आहे, आणि तिच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साने ती धुतली जात नाही.

देह कुठेही पुरा, या मोनिकाच्या शब्दांबद्दल थोडेसे. ती स्वतः आयुष्यभर गावी नवऱ्याशेजारी कबर तयार ठेवून होती. परक्या देशात मरण आले तेव्हा तिने तो हट्ट सोडला. देवापासून काहीच लांब नाही, तो मला कुठूनही उठवील, असे ती म्हणाली. आपल्याकडे जागा अपुरी असल्यामुळे काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्यासाठी उघडावी लागते, आणि त्या वेळी घरच्यांच्या जिवाची होणारी घालमेल आम्ही जाणतो. कोणाचा मुलगा आखातात असतो, कोणाचा कॅनडात, त्याला शेवटचे तोंडही दिसत नाही. अशांना मोनिकाची ही समजूत उपयोगी पडावी. तिच्या स्वतःच्या अस्थी १४३० मध्ये ऑस्टियाहून रोमला नेण्यात आल्या आणि १९४५ साली ऑस्टियाच्या चर्चशेजारी खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणणाऱ्या मुलांना तिच्या मूळ कबरीवरच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. ती शिळा मातीत होती, पण आठवण मातीत गेली नव्हती.

उतारवयात, इ.स. ४२१ च्या सुमारास, मृतांच्या सेवेविषयी लिहिलेल्या छोट्या ग्रंथात ऑगस्टीन पुन्हा आईकडे येतात. मृतांचे आत्मे आपल्या भेटीला येतात का, असा प्रश्न तिथे आहे. ते म्हणतात की मृतांना आपल्या मनाने येता आले असते तर माझी आई एकही रात्र चुकवती ना, माझ्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणारी ती बाई! आई जाऊन तीसहून अधिक वर्षे झाली होती, स्वतः साठी ओलांडली होती, बिशप म्हणून जगभर नाव झाले होते आणि तरी तिची वाट पाहिल्याची खूण त्या वाक्यात दिसते. ती येत नाही म्हणून त्यांचा विश्वास डळमळला नाही. येते असे मानून त्यांनी स्वतःची फसवणूकही केली नाही. स्वप्नात आई काय म्हणाली हे विचारायला देवऋषाकडे जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शेवटी एक विनंती. ‘कन्फेशन्स’मध्ये मोनिकाचे नाव फक्त एकदा येते, बाकी सर्वत्र ती नुसती आई आहे. ते एकदा येते ते वेदीपाशी तिला आठवा असे सांगताना. या महिन्यात मृतांच्या नावांच्या ज्या चिठ्ठ्या आपण देता त्यांतील बऱ्याच चिठ्ठ्यांवर ‘आई-बाबा’ एवढेच लिहिलेले असते. यंदा तिचे नाव पूर्ण लिहावे, माहेरच्या आडनावासह. चिठ्ठ्या वेदीजवळच्या पेटीत टाकाव्यात, महिनाभर त्या मिस्सात अर्पण केल्या जातील. ज्यांना आईचे माहेरचे नाव ठाऊक नसेल त्यांनी संध्याकाळच्या मिस्सानंतर कार्यालयात यावे. स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्या काढून ठेवल्या आहेत, त्यांत आपण मिळून शोधू.

आपले धर्मगुरू